आजीचं हरवलेलं नाव

फोंड्याची बाळंतीण लिहिते: मुलगी आठ दिवसांची झाली. कवळ्याची शांतादुर्गा कुलदेवता, म्हणून सासूबाई ‘शांता’ म्हणतात. नवऱ्याला दोन अक्षरी, इंटरनेटवरचं काहीतरी हवंय. मला जुनं, न विटणारं नाव हवं आणि मधलं नाव माझं. बारसं चार दिवसांवर आलंय.

अगं बाय, खरं उत्तर तू पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकलंस. तुझ्या आजीचं माहेरचं नाव केसर; लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने ‘लक्ष्मी’ लिहिलं आणि केसर तिथेच संपली. आपल्याकडच्या किती बायकांचं पहिलं आणि मधलं, दोन्ही नावं एकाच मुहूर्तावर गेली! तेच नाव पणतीला दे. अस्सल फोंडा तालुक्यातलं आहे ते. केरीत 1892 साली जन्मलेल्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी 1977मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागली. नवऱ्याला हे सांग. त्याच्या यादीतलं एकही नाव इतकं लांब गेलेलं नसणार. शिवाय केसर तीनच अक्षरं, बलकांवातून (घरापुढच्या पडवीतून) हाक मारायला सोपं.

सासूबाईंना दुखवू नकोस. कानात सांगायच्या नावांत शांता पहिलं ठेव, आणि ते त्यांनाच सांगू दे. (रात्री दोन वाजता ‘शांता रडतेय’ असं घरभर ऐकू आलं की त्यांनाही हसू येईल.)

आता मधलं नाव. महाराष्ट्रात 1 मे 2024पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरलाय. तो आदेश गोव्याचा नव्हे, म्हणून सासरी त्याचा दाखला देऊन भांडू नकोस. तशीच रचना इथे चालेल का, हे पालिकेच्या नोंदणी खिडकीवर आधी विचार. चालत असेल तर मी दोन्ही नावं घालीन, तुझं आधी. एकच घालायचं ठरलं तर मात्र नवऱ्याशी आज रात्रीच बोल, बारशाच्या मांडवात नव्हे.

घाई बारशाची आहे, कागदाची नाही. नावाशिवाय जन्मनोंद झाली असली तरी 12 महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं. पण रोमन स्पेलिंग एकदाच पक्कं कर. पोर्तुगीज रीतीने ‘श’साठी एक्स लिहिलेल्या जुन्या दाखल्यांपायी आमच्या घरात एकाच माणसाची तीन नावं झाली होती आणि प्रत्येक खिडकीवर प्रतिज्ञापत्र लागायचं.

आजी हयात आहे, असं लिहिलंयस. पाळण्याची दोरी तिच्या हाती दे. नाव आधी सांगू नकोस.