दगडाचं टोक की पोलादाचं? आधी काडी बघा

प्रश्न असा आहे: जुन्या पद्धतीचे शिकारीचे बाण स्वतःच्या हाताने बनवायचे आहेत, टोक दगडाचं लावावं की पोलादाचं, आणि हे घरी जमतं का?

जमतं. खानापूर तालुक्यातल्या आमच्या घराच्या परड्यात बसून मी सात-आठ वर्षं हाच उद्योग करतोय. पोटासाठी बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात भट्टीवर असतो. पोलाद लाल करून तेलात बुडवायचं, हेच दिवसभराचं काम. तरीही माझं पहिलं पोलादी टोक पाण्यात टाकल्याबरोबर तडकलं होतं. ते पुढे सांगतो.

आधी 'शिकारीचे' या शब्दाचं बघू. बाण शिकारीच्या घडणीचा करा, शिकार करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हत्यार कशाला म्हणायचं ते सांगताना धनुष्यबाणाचं नाव स्पष्ट घेतलंय, बंदुकीच्या पंगतीतच. रानडुकरं रातोरात भात लोळवून जातात, मान्य, आमचंही लोळवतात. तरी नाही. आमच्या तालुक्यातलं भीमगडचं जंगल २०११ साली अभयारण्य झालं. तिथं परवानगीशिवाय हत्यार घेऊन नुसतं शिरलात तरी गुन्हा. माझे बाण जातात ते घट्ट आवळून बांधलेल्या पिंजराच्या, म्हणजे भाताच्या वाळल्या गवताच्या पेंड्यांवर. पेंड्यांमागे मातीचा बांध आहे, आणि म्हशी गोठ्यात बांधल्याशिवाय मी धनुष्याला दोरी चढवत नाही.

आता टोक. जो तो टोकाबद्दलच विचारतो. टोक म्हणजे नवरदेवाचा फेटा, फोटोत तेवढाच उठून दिसतो. बाण उडतो तो काडीवर. दोरी सुटली की काडी सरळ पुढे जात नाही. धनुष्याच्या मुठीला वळसा घालताना ती वाकते, आणि सुटल्यावर मासळीसारखी दोन्हीकडं लचकत हळूहळू सरळ होते. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याची काडी फार ताठ असेल तर बाण डावीकडं जातो, फार लवचीक असेल तर उजवीकडं. मग तुम्ही पुढे हिरा लावा नाहीतर खिळा.

आमच्या भागात माणगा, मेस, चिवा असे बांबू आहेत. माणगा शिडीला आणि मांडवाला. बाणासाठी मला चिव्याची करंगळीपेक्षा बारीक, आठ-नऊ मिलिमीटर जाडीची, भरीव काडी आवडते. पहिल्यांदा आमच्या बाजाराच्या दिवशी टोपल्या घेऊन बसणाऱ्या बुरूड काकींकडं गेलो. काडी कशाला पाहिजे म्हणून विचारलं, मी सांगितलं. "बाणाला? का रे, रामाचं सोंग घ्यालास काय?" असं म्हणून हसल्या, आणि मग ढिगातून एकेक काडी नखाने टिचकी मारून बाजूला काढत गेल्या. मला सगळ्या सारख्याच दिसत होत्या. पहिल्या वर्षाची कवळी काडी गुळगुळीत, हिरवीगार, वरून पांढरट भुकटी असलेली. ती दिसायला देखणी, पण वाळली की सुरकुतते. दोन-तीन वर्षांची जून काडी मळकट दिसते, तिचं आवरण गळून गेलेलं असतं आणि टिचकीला खणखणीत वाजते. ती घ्यायची. स्वतःच्या बेटातली किंवा विकतची घ्या, रानातली तोडू नका.

तोडायची वेळ दिवाळीनंतर, होळीच्या आत. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूतून दोन महिन्यांत पिवळं पीठ गळायला लागतं. बांबूत साठलेल्या पिष्टावर जगणारा तो बारीक भुंगेरा एकदा आत शिरला की काडी चाळणी झालीच म्हणून समजा. तोडलेल्या काड्यांची मोळी बांधून मी आईच्या चुलीवरच्या माळ्यावर दीड महिना ठेवतो. धूर लागतो, कीड जवळ येत नाही. आईची तक्रार असते, ती वेगळी.

सरळ करायचं काम संध्याकाळी निखाऱ्यावर. काडीला खोबरेल तेलाचा हात द्यायचा, वाकडी जागा निखाऱ्यापासून चार बोटांवर धरून फिरवत राहायची. चटका बसेल इतकी तापली की उलट्या बाजूला थोडी जास्तच वाकवून गार होईपर्यंत तशीच धरायची. कांडी लवकर ऐकतात, गाठी ऐकत नाहीत. गाठीला तीन-चार वेळा तापवावं लागतं आणि घाई केली तर तिथंच कट् होतं. डोळ्यासमोर धरून काडीवरून नजर टाकली की बंदुकीच्या नळीसारखी दिसली पाहिजे. बुडखा पुढे टोकाकडं, शेंडा मागे दोरीकडं.

मग ताठपणा मोजायचा. ही युक्ती कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो. गोठ्याच्या भिंतीवर एका पातळीत दोन खिळे ठोकलेत, मधलं अंतर २६ इंच, म्हणजे ६६ सेंटिमीटर. त्यावर काडी आडवी ठेवायची आणि बरोबर मध्यावर दोन पौंड वजन टांगायचं. दोन पौंड म्हणजे ९०७ ग्रॅम. मी प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरून किराणा दुकानातल्या काट्यावर तेवढं करून घेतलं होतं. काडी मध्ये किती खाली आली ते मोजा. धनुष्य पूर्ण ओढायला जितक्या पौंडांचा जोर लागतो, ते त्याचे पौंड. २६ ला तुमच्या धनुष्याच्या पौंडांनी भागा, जे इंच येतील तेवढा झोल पाहिजे. माझं धनुष्य ३५ पौंडांचं, म्हणजे पाऊण इंचाला जरासं कमी, १९ मिलिमीटर. ४० पौंडांचं असेल तर साडेसोळा. टोक जड लावणार असाल तर काडी थोडी ताठ घ्या. वीस काड्या मोजल्या की एकमेकींशी जुळणाऱ्या सहा निघतात. उरलेल्या वेलांना आधाराला, वाया जात नाहीत.

मागची खाच कापताना गाठ बघा. खाचेच्या तळाला लगेच गाठ आली पाहिजे आणि गाठीखाली चांभाराचा मेणदोरा आवळून गुंडाळला पाहिजे. पहिल्या वर्षी मी मधल्या कांड्यातच खाच कापली, दोराही गुंडाळला नाही. दोरी सुटली ती थेट काडीत शिरली, काडी उभी चिरली आणि एक चीर डाव्या अंगठ्याच्या मुळाशी घुसली. खूण अजून आहे.

पिसं गावठी कोंबड्याच्या पंखातली मोठी घ्या, टर्की मिळाली तर उत्तमच. तीन पिसं, आणि तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची. डाव्या-उजव्या पंखांच्या पिसांचा पीळ उलटा असतो, मिसळलीत की बाण गोंधळतो. मोराच्या पिसाऱ्याच्या नादाला लागू नका, ते पीस शोभेचं, हवेत बाण धरून ठेवायचा दम त्यात नाही.

आता दगड. यूट्यूबवर जे पानाच्या आकाराचं, दोन्हीकडून नाजूक छिललेलं टोक दाखवतात ना, ते अमेरिकेचं वळण. आपल्या मुलखात वेगळी तऱ्हा सापडते. मलप्रभा-घटप्रभेच्या खोऱ्यात जुन्या अश्मयुगातल्या मोठ्या हातकुऱ्हाडी मिळतात, त्या बहुतेक गारपाषाणाच्या, रवाळ दगडाच्या. रॉबर्ट ब्रूस फूट हा भूगर्भशास्त्रज्ञ, ज्याला १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरमला असलं दगडी हत्यार सापडलं, त्यानंच पुढे आपला हा दक्षिण मराठा मुलूख पालथा घातला. १८७६ साली त्याचा इथल्या भूगर्भावरचा ग्रंथ निघाला. पण हातकुऱ्हाड बाणाला लागत नाही. फार नंतरच्या माणसांनी दख्खनभर वापरली ती नखाएवढी बारीक पाती: अर्धचंद्र, त्रिकोण, सरळ पातं. एकटं पातं कशालाच पुरत नाही. लाकडाच्या खाचेत चिकटवून ओळीने बसवलं की त्याचं हत्यार होतं.

आमच्या खानापूरच्या जांभ्यात असली पाती पाडायचा काचेसारखा फुटणारा दगड, म्हणजे गार, नाही. तो पाहिजे तर उत्तरेला, चिकोडी-अथणीकडं कृष्णेच्या काठाला. काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत पाण्यातून साचून साचून गार तयार होते. पाषाण झिजतो, गार उरते आणि गोटे होऊन नदीत येते. मेणासारखा पारभासक, आतून भेग नसलेला गोटा निवडायचा. दोन गोटे एकमेकांवर आपटले की काचेसारखा टणत्कार आला तर घरी न्यायचा, भद्द वाजला तर तिथंच टाकायचा.

लिंबाएवढा गोटा हातात धरून फोडता येत नाही. तो पाषाणाच्या ऐरणीवर उभा धरायचा आणि वरून दुसऱ्या गोट्याने नेमका घाव घालायचा. पहिले दहा घाव भुगा देतात. अकराव्याला एक पातळ ढलपी सुटते, नखाएवढी, एका बाजूला शिंपल्यासारखी लाट उमटलेली. उन्हात धरली की कड इतकी पातळ की तिथं दगड संपून ऊन कुठं सुरू झालं ते कळत नाही. पहिली चांगली ढलपी मी कौतुकाने मांडीवर ठेवली आणि उठलो. पँट दोन बोटं फाटली, त्याखालची कातडीही. तेव्हापासून मांडीवर जुन्या चपलेचं जाड चामडं आणि डोळ्यांवर गॉगल. हे काम उघड्यावर, वाऱ्याच्या कडेला बसूनच करा. गारेची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. दगडाच्या खाणीत आयुष्य काढलेल्यांचे खोकले ऐकलेत तर मी का सांगतोय ते कळेल.

ढलपीची एक कड तांब्याच्या जाड तारेने दाबून दाबून मुद्दाम बोथट करायची. ही कड लाखेत जाणार, धारेची बाहेर राहणार. बाभळीची बोटभर खुंटी टोकदार करून दोन्ही अंगांना खाच पाडायची. सोनाराकडं मिळते ती लाख वितळवून त्यात विटेची बारीक भुकटी आणि जरासं मेण घालायचं. भुकटी नसेल तर लाख उन्हात लिबलिबते, मेण नसेल तर थंडीत तडकते. खाचेत लाख, लाखेत पाती, आणि खुंटीचं दुसरं टोक काडीच्या बुडख्यात कोरलेल्या भोकात. बाण चुकून बांधावर आपटला तर एखादं पातं उडतं. निखाऱ्यावर लाख ऊन करून नवं बसवायचं, पाच मिनिटांचं काम. अमेरिकन पद्धतीचं पान तुटलं तर दोन तासांची मेहनत गेली.

पोलादाकडं वळू. गावच्या लोहारमामांच्या भट्टीवर गेलो तेव्हा माझ्याकडं भंगारातून आणलेली एक पट्टी होती. मऊ लोखंड समजून बसलो होतो. टोक ठोकलं, लाल केलं आणि रुबाबात पाण्यात घातलं. 'टिक्' असा बारीक आवाज आला, मधोमध केसाएवढी चीर. मामांनी पट्टीचा उरलेला तुकडा उलटा करून बघितला. "कंपनीत भट्टीवर असतोस म्हणे, खरं लोखंडाची जात ओळखंना झालास. जीपचा पाटा हाय हा. ह्याला तेल पाजायचं." मग स्वतः भाता मारत बसले. बाण ठेवायचाही भाता, आणि बाणाचं टोक घडवायला आग फुलवायचाही भाता. मराठीत दोन्हींना एकच शब्द आहे, हे मला त्या दिवशी भट्टीपाशी बसल्यावर सुचलं.

पाट्याचं, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीचं पोलाद घेतलंत तर लाल करून रात्रभर राखेत पुरून ठेवा, मऊ होतं. मग कानसेने आकार द्या. मागे दोन इंचांची निमुळती शेपटी ठेवा. पुन्हा तापवताना लोहचुंबक जवळ धरा. साधारण ७७० अंशांना चुंबक चिकटायचं सोडतं, त्याच्या जरा पुढे नेऊन कोमट शेंगतेलात बुडवा. आता टोक काचेसारखं कडक आणि तितकंच ठिसूळ आहे. घासून चकचकीत करा आणि शेपटीकडून हळूहळू तापवा. पृष्ठभागावर रंग सरकताना दिसतात: आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा. चाकूला पिवळ्यावर थांबतात. बाणाचं टोक आपटणारं असतं, म्हणून जांभळ्यावर, २८० अंशांच्या आसपास थांबायचं. शेपटी तापवून काडीत जाळत बसवा, खुरप्याची मूठ बसवतात तशीच, वरून मेणदोरा. माझी टोकं सात-आठ ग्रॅमची असतात, पूर्ण बाण तीसच्या आसपास. तयार बाण बोटावर तोलला तर तोल मध्यापासून आठ-दहा सेंटिमीटर पुढे आला पाहिजे.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर: पहिले सहा बाण पाच इंची खिळे चपटे करून बनवा. ना भट्टीची कटकट, ना पाणी-तेलाची, आणि चुकले तरी हळहळ नाही. काड्या जुळल्या, बाण एका ठिकाणी जायला लागले की पोलाद. दगड नेमबाजीसाठी करू नका, दगडासाठी करा. माझ्याकडं गारेच्या पात्यांचे चार बाण आहेत. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, कोयता-खुरप्यांच्या शेजारी त्यांना हळद-कुंकू लागतं. दुसऱ्या दिवशी शिलंगणाहून आलो की चारही पेंड्यांवर मारतो, आणि मग पुढच्या दसऱ्यापर्यंत लाख लावत बसतो.

आत्ता पाऊस चालू असेल तर काडीला हात लावू नका. तोवर काचेच्या बाटल्यांची बुडं गोळा करा. बुडाची जाड काच गारेसारखीच फुटते, फुकट मिळते, आणि दिवाळीपर्यंत घाव कुठं घालायचा ते हाताला कळलेलं असतं. कपच्या मात्र रोजच्या रोज झाडून घ्या. आमच्या परड्यात कोंबड्या फिरतात, तुमच्याकडं कदाचित पोरं फिरत असतील.