लांडगे आले, एल्क घटले; पण मारलं कोणी?

प्रश्न : ताई, अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात 1995 साली लांडगे परत आणून सोडले. त्याच्या आदल्या वर्षी उत्तरेकडच्या कळपात 19,000 एल्क (मोठ्या जातीची हरणं) होते, 2013 च्या मोजणीत 4,000 सुद्धा भरले नाहीत. लांडग्यांनीच फडशा पाडला ना? मग ते परत आणून काय मिळवलं?

उत्तर : आकडे तुमचे बरोबर आहेत. पण मधल्या एकोणीस वर्षांचा सगळा हिशेब तुम्ही लांडग्यांच्या माथी मारलात, ते मला पटत नाही.

लांडग्यांनी मारलेल्या जनावरांची तपासणी करणाऱ्या एका गटाबरोबर मी तिथे एक हिवाळा काढला आहे. मार्चमधली सकाळ होती. लांडगे लांब गेल्याची खात्री करून लामार नदीच्या खोऱ्यात गुडघाभर बर्फ तुडवत आम्ही एका एल्क मादीपाशी पोहोचलो. सोबतच्या संशोधकाने तिच्या मांडीचं हाड करवतीनं कापलं. धडधाकट जनावराच्या हाडातली मज्जा मेणासारखी पांढरी, घट्ट असते. हिची लाल आणि लिबलिबीत होती. अंगातली चरबी संपली की शेवटी मज्जेतलीही जाते, तीही गेली होती. जबडा हातात घेतला तर दाढा पार हिरडीला टेकलेल्या. असल्या दाढांनी ती वाळकं गवत चावणार तरी कशी होती?

एका मादीवरून निष्कर्ष काढू नये, हे मान्य. पण अनेक हिवाळ्यांच्या नोंदी तेच सांगतात. लांडग्यांनी मारलेल्या प्रौढ माद्यांचं सरासरी वय 14 च्या आसपास निघालं. उद्यानाच्या उत्तर हद्दीबाहेर, मोंटाना राज्यात, शिकाऱ्यांनी टिपलेल्या माद्यांचं साधारण साडेसहा. साडेसहा वर्षांच्या मादीची कितीतरी वेतं अजून बाकी असतात. चौदा वर्षांची गाभण राहिली तर राहिली. म्हणजे मेलेली जनावरं नुसती मोजून भागत नाही, कोणतं मेलं ते बघावं लागतं. एल्क फार झाले म्हणून 1990 च्या दशकात माद्या मारायचे परवाने दर हिवाळ्याला हजाराच्या वर दिले जात होते. लांडगे आल्यावरही ती शिकार कित्येक वर्षं चालू राहिली.

त्यात 1996-97 चा हिवाळा भयंकर गेला. बर्फावर कडक पापुद्रा धरला, खालचं गवत उकरता येईना, जनावरं उपासमारीनं मेली. पुढे दुष्काळ.

आणि अस्वलं! त्यांचं नाव कोणी काढत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. 2003 ते 2005 मध्ये नवजात पाडसांना रेडिओ टॅग लावून पाहिलं, तेव्हा मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त अस्वलांनी मारलेली निघाली. लांडग्यांचा वाटा त्याच्या जवळपासही नव्हता. ग्रिझली अस्वलं वाढली होतीच. शिवाय कोणीतरी यलोस्टोन सरोवरात चोरून सोडलेले लेक ट्राउट जातीचे मासे 1994 साली सापडले. ते तिथल्या मूळच्या कटथ्रोट ट्राउटवर तुटून पडले. कटथ्रोट अंडी घालायला ओढ्यांत चढतात, तिथे अस्वलांना आयते मिळायचे. लेक ट्राउट खोल पाण्यातच राहतात. ओढे रिकामे झाले तशी अस्वलं पाडसांकडे जास्त वळली.

लांडगे निर्दोष आहेत असं मी म्हणत नाही. ते पाडसंही मारतात, आणि कळप खाली ठेवण्यात त्यांचा हात नक्की आहे. पण भक्ष्य घटलं की त्यांचंही भागत नाही. 2003 मध्ये उद्यानात 174 लांडगे होते. पुढे रोगराई आली, आपसातल्या मारामाऱ्या झाल्या आणि संख्या शंभराच्या आसपास आली. 2013 नंतर एल्कची मोजणी पुन्हा वर सरकली.

आता मिळवलं काय? लांडगे नव्हते त्या काळात, 1968 पर्यंत, उद्यानाचे रक्षकच एल्क गोळ्या घालून मारत किंवा पकडून बाहेर पाठवत, तरी एल्कच्या चरण्यानं ओढ्यांकाठची विलोची झुडपं खुरटलेलीच राहत. आता काही ओढ्यांकाठी विलो माणसाच्या डोक्यावर गेली आहे. सगळीकडे मात्र नाही. जिथून बीव्हर (ओढ्यांवर लाकडांचे बांध घालणारे प्राणी) गेले तिथे त्यांचे बांध फुटले, पाण्यानं पात्र खोल कापलं आणि काठाखालची ओल उतरली. तिथली विलो एल्कनं तोंड लावलं नाही तरी फारशी वाढत नाही. ती ओल परत आणायचं काम लांडग्यांचं नाही, बीव्हरचं आहे.