डोंबिवलीची खोली, नोंदणी नसलेला करार

प्रश्न : मी लातूरचा असून लोअर परळला नोकरी लागल्याने पुढील महिन्यात मुंबईला येत आहे. डोंबिवलीत १४,००० रुपये भाड्याची एक खोली पाहिली आहे. घरमालक ६०,००० रुपये डिपॉझिट रोख मागतात आणि करार ११ महिन्यांचाच असल्याने नोंदणीची गरज नाही, असे म्हणतात. महानगराचा मला काहीच अनुभव नाही. काय करावे?
– एक वाचक, लातूर

उत्तर : तूर्त पैसे देऊ नका. वर्षाच्या आतल्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज सर्वत्र आहे आणि तुमचे मालकही तो मनापासून खरा मानत असतील. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे तुमच्यासारखा ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची असते. नोंदणी नसताना वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूने सांगितलेल्या अटी ग्राह्य धरल्या जातात. हे त्यांना शांतपणे सांगा, कारण नोंदणीत त्यांचेही हित आहे. ती आता ऑनलाइन होते. एजंट अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो, त्यामुळे कचेरीत खेटे घालावे लागत नाहीत.

डिपॉझिट बँकेतूनच द्या आणि ते किती दिवसांत परत मिळणार, खोली सोडण्यापूर्वी किती दिवस आधी कळवायचे, सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरणार, हे करारात लिहून घ्या. तोंडी ठरलेले खोली सोडताना कोणालाच आठवत नाही, हे मी अनेक तरुणांच्या पत्रांतून वाचले आहे आणि त्याचे मला फार वाईट वाटते. चावी घेताना वीजमीटरचा आकडा, भिंतीवरची ओल आणि तडकलेल्या फरशा यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकांना पाठवा. पाणी किती वाजता येते, हे शेजाऱ्यांना विचारा.

प्रवासाचे म्हणाल, तर लोअर परळ पश्चिम रेल्वेवर आहे आणि डोंबिवली मध्य रेल्वेवर. स्लो लोकलने करी रोडला उतरून चालत जाता येते. फास्ट लोकल तेथे थांबत नाही, म्हणून तिने आलात तर दादरला गाडी बदला. करार करण्याआधी एकदा कामाच्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास डोंबिवलीहून लोकल पकडून पाहा. ती गर्दी रोज झेपणार नसेल, तर खोली कितीही आवडली तरी त्या ठिकाणी ६०,००० रुपये अडकवू नका.