संगीत 'क्लिष्ट' की 'गुंतागुंतीचे'?

विचारणा अशी आहे: संगीतात एका वेळी किती घडते आहे, लय किती आडवळणाने जाते, पुढचा स्वर किती अनपेक्षित येतो, यावर ऐकणाऱ्याच्या भावना कशा बदलतात, या विषयावर मराठीत लिहायचे आहे. संगीताच्या या गुणाला 'क्लिष्टता' म्हणावे, 'जटिलता' की 'गुंतागुंत'?

मी 'गुंतागुंत' म्हणेन. 'क्लिष्टता' तर नकोच.

'क्लिष्ट' आला 'क्लिश्' या धातूपासून, 'क्लेश'ही तिथूनच. भाषा क्लिष्ट, कायद्याचे कलम क्लिष्ट असे आपण म्हणतो तेव्हा वाचताना त्रास झाला हा निवाडा शब्दातच देऊन टाकतो. संस्कृत काव्यशास्त्रात क्लिष्टत्व हा काव्यदोषच मानला आहे. इथे मात्र त्रास होतो की आनंद, हेच तर शोधायचे आहे. डॅनियल बर्लाइन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये मांडलेल्या विचारानुसार गुंतागुंत आणि आवड यांचा आलेख टेकडीसारखा असतो. रचना फार साधी असली तर कंटाळा येतो, गुंतागुंत वाढते तशी गोडी वाढते, आणि एका मर्यादेनंतर ती उतरू लागते. 'क्लिष्ट' हा शब्द फार तर त्या उतारावर चालेल. चढावर तो सपशेल चुकीचा ठरतो. ड्रमच्या ठेक्यांवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातही असेच दिसले: ठोके अपेक्षित जागेवरून मध्यम प्रमाणात सरकवले, तेव्हा लोकांना अंग हलवावेसे सर्वांत जास्त वाटले. अगदी सरळ ठेक्याला नाही आणि फार विस्कटलेल्यालाही नाही.

पण नुसते 'किती' यावर सगळे ठरत नाही. सोळा मात्रांच्या (ठोक्यांच्या) तीनतालातली तिहाई घ्या, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणे. खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून, तीन मात्रांचा तुकडा तीनदा वाजवला तर त्याच्या शेवटचा 'धा' हा तबल्याचा बोल अकराव्या मात्रेवर पडतो, मग चौदाव्या, आणि तिसरा नेमका समेवर. पहिला 'धा' पडला की कान टवकारतात, दुसऱ्याला अंदाज पक्का होतो, तिसऱ्याला आपसूक मान हलते. ही बेदम, म्हणजे मध्ये न थांबणारी, तिहाई. दोन तुकड्यांमध्ये विसावा ठेवला की ती दमदार होते, आणि तो विसावा दीड मात्रेचा केला की हिशेब अवघड होतो, ऐकणारा जास्त ताणला जातो, सम आल्यावर सुटकाही मोठी वाटते. मात्र ज्याच्या मनात ताल चालूच नाही, त्याच्यासाठी हा सगळा खटाटोप नुसता गलका आहे. वादन तेच, मात्रा त्याच, तरी एकाला ते रंगतदार वाटते आणि दुसऱ्याला क्लिष्ट. म्हणून 'क्लिष्ट' हे विशेषण ऐकण्याच्या अनुभवाला लावावे, रचनेला नव्हे.

अपेक्षेचा हा खेळ मोजलाही गेला आहे. २०१९ मधल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या ७४५ लोकप्रिय गाण्यांतले सुमारे ८० हजार कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरांचे गुच्छ) तपासले. पुढे काय येणार याची खात्री वाटत असताना भलताच कॉर्ड आला, की तो आवडे. काहीच अंदाज लागत नसताना सरळसाधा आला, तरी आवडे. म्हणजे धक्का आणि अनिश्चितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लिहिताना त्या वेगळ्याच ठेवाव्यात. दोन्ही 'गुंतागुंत' या एकाच शब्दाखाली घातल्या तर वाचकाचा घोटाळा होईल.

'जटिल' चुकीचा नाही. जटांवरून आलेला हा शब्द गणिताच्या किंवा शस्त्रक्रियेच्या संदर्भात शोभतो, गाण्याजवळ मात्र कोरडा वाटतो. 'अनवट' कुणी सुचवला तर तो टाळा. अनवट राग म्हणजे क्वचित कानी पडणारा राग, तो बांधणीने साधाही असू शकतो. कान रुळला की अनवटपणा सरतो, बांधणी आहे तशीच राहते.

'गुंतागुंत'कडे माझा ओढा आणखी एका कारणाने आहे. मराठीत धागे गुंततात तसा जीवही गुंततो. गाणे 'गुंतवून ठेवते' असे आपण सहज म्हणतो आणि त्यात तक्रार नसते. रचनेचा गुण आणि ऐकणाऱ्याची अवस्था या दोहोंना एकच क्रियापद पुरते, ही सोय 'क्लिष्ट' देत नाही, 'जटिल'ही देत नाही. नुसते 'गुंता' मात्र लिहू नका, कारण गुंता सोडवायचा असतो. नाम हवे तर 'रचनेतली गुंतागुंत' आणि विशेषण हवे तर 'गुंतागुंतीची रचना'. 'गुंतागुंतीचे संगीत' व्याकरणाला धरून असले, तरी त्यात लयीची गुंतागुंत की स्वरांची हे कळत नाही. ते दर वेळी स्पष्ट लिहा.