३० इंची टाकीत कोणता पफर ठेवावा: भुसावळहून आलेल्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: भुसावळला घरी ३० × १२ × १५ इंचांची टाकी आहे, सध्या तिच्यात गप्पी आहेत, बोअरच्या पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ७०० भरतो. दुकानदार ‘गोड्या पाण्यातला ग्रीन पफर’ (पफर म्हणजे घाबरला की फुगणारा मासा) म्हणून दीड इंचाचा मासा देतोय. तो घ्यावा का, आणि नाही तर कोणता घ्यावा?

भाऊ, तो घेऊ नका. पिवळसर-हिरवी पाठ, तिच्यावर गोल काळे ठिपके आणि पांढरं पोट असेल, तर तो ग्रीन स्पॉटेड पफर आहे. हा मासा १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. लहानपणी गोड्या पाण्यात तगतो म्हणून तसा विकला जातो, पण वाढत्या वयाबरोबर त्याला मचूळ आणि पुढे जवळजवळ समुद्राइतकं खारं पाणी लागतं. गोड्या पाण्यात तो लगेच मरत नाही, म्हणून तर फसगत होते. काही महिन्यांनी पोट करडं पडतं, खाणं कमी होतं, बुरशी धरते, आणि मग औषधांचा मारा सुरू होतो. कारण मात्र पाण्यात मीठ नसणं हेच असतं.

पाठ काळपट तपकिरी, तिच्यावर पिवळ्या वळणदार रेघा आणि शेपटीजवळ कडं असलेले डोळ्यासारखे डाग दिसले तर तो फिगर एट. तो ८ सेंटिमीटरच्या आसपास राहतो, पण त्यालाही कायम मचूळ पाणी हवं: लिटरला साधारण ७ ग्रॅम समुद्री मीठ, तेही मत्स्यालयासाठी मिळणारं. स्वयंपाकाचं चालत नाही.

खऱ्या गोड्या पाण्यातले पफरही बरेच आहेत, पण तुमच्या टाकीत मावणारे थोडेच. नाईलमधला फहाका ४० सेंटिमीटरच्या वर जातो, काँगोतला म्बू त्याहून मोठा. ॲमेझॉन पफर स्वभावाने गरीब, पण सतत पोहणारा आणि कळपात राहणारा. शिवाय त्याचे दात इतक्या झपाट्याने वाढतात की लवंगतेलाने गुंगी देऊन ते हाताने कापावे लागतात. नवख्याने त्यात पडू नये. लाल डोळ्यांचा पफर ५-६ सेंटिमीटरचा, पण दोन नर एका टाकीत नांदत नाहीत, आणि आपल्याकडे तो क्वचितच मिळतो.

तुमच्यासाठी योग्य मासा आपल्याच देशातला आहे: पी पफर, म्हणजे ड्वार्फ पफर. केरळ-कर्नाटकातल्या पश्चिम घाटातल्या नद्यांचा हा मासा. पूर्ण वाढ जेमतेम ३ सेंटिमीटर, आयुष्यभर गोडं पाणी. होरा आणि नायर यांनी १९४१ मध्ये त्याची नोंद केली. आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत तो ‘असुरक्षित’ गटात आहे आणि विक्रीला येणारे बरेच मासे नदीतून पकडलेले असतात. म्हणून सगळी तयारी झाल्याशिवाय तो आणूच नये, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या टाकीचं माप ८८ लिटर येतं. वाळू, झाडं आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी ७५ लिटर धरा. त्यात सहा पी पफर ठेवा. दोनच ठेवले तर एक दुसऱ्याला हैराण करून मारतो; सहांमध्ये राग वाटला जातो. एका नरामागे दोन-तीन माद्या हव्यात. मोठ्या नराच्या पोटावर मधोमध गडद रेघ असते आणि डोळ्यामागे बारीक सुरकुत्या चमकतात. लहान पिल्लं मात्र सगळी मादीसारखीच दिसतात. म्हणून जास्तीचे नर पुढे वेगळे काढायची सोय आधीच ठेवा. झाडी दाट लावा: व्हॅलिसनेरिया, हॉर्नवर्ट, जावा फर्न. एका कोपऱ्यातल्या माशाला दुसऱ्या कोपऱ्यातला दिसता कामा नये. सोबतीला दुसरे मासे नकोत. गप्पीच्या शेपट्या तर चार दिवसही टिकणार नाहीत.

गप्पी हलवायच्या, पण पफर आणायच्या आदल्या दिवशी. आठवडाभर आधी टाकी रिकामी केली तर माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया खाणारे फिल्टरमधले जिवाणू उपाशी पडतात आणि नव्या माशांना तो अमोनिया भोवतो. पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि त्यापासून होणारं नायट्राइट दोन्ही शून्य दाखवत असतील तरच मासे सोडा.

खरी अडचण खाण्याची आहे. पी पफर कोरडा दाणा, फ्लेक्स वगैरे सहसा तोंडात घेत नाही. त्याला गोगलगायी लागतात, आणि त्या मासे आणायच्या दीड-दोन महिने आधीपासून वाढवायला घ्याव्या लागतात. २० लिटरचा टब सावलीत ठेवा, १५-२० रॅम्सहॉर्न किंवा ब्लॅडर गोगलगायी सोडा, उकडलेला पालक किंवा दुधीची चकती टाका, उरलेलं दुसऱ्या दिवशी काढा. कवचासाठी समुद्रफेसाचा तुकडा पाण्यात ठेवा. मलेशियन ट्रंपेट जातीची गोगलगाय देऊ नका, तिचं कवच फार कठीण असतं. आणि केळीच्या किंवा कपाशीच्या शेताकडेच्या पाटातून गोगलगायी आणायच्या नाहीत; फवारणीचं औषध त्यांच्याबरोबर टाकीत येतं.

खायला द्यायची गोगलगाय ३ ते ५ मिलिमीटरची. पफर आधी समोर येऊन थबकतो, दोन्ही डोळे वेगवेगळे फिरवून तिच्याकडे बघतो आणि कवचातून मऊ अंग बाहेर आलं की चावा घेतो. दिवसाआड दर माशाला दोन-तीन पुरेत, मधल्या दिवशी गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या), आठवड्यात एक दिवस उपवास. पोट किंचित गोल दिसलं पाहिजे.

पाण्याबद्दल. ७०० टीडीएस जास्त आहे, पण निव्वळ आरओचं पाणीही नको, त्यात गोगलगायींची कवचं विरतात. बोअर आणि आरओ निम्मे-निम्मे करा, ३६५-३७० च्या आसपास येईल. आरओ मशिनीतून बाहेर टाकलं जाणारं पाणी वापरू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात. नगरपालिकेचं पाणी घेणार असाल तर क्लोरीन घालवायचं औषध आधी टाका. नळाला रोज पाणी येत नसेल तर झाकणाचा एक ड्रम माशांसाठीच भरून ठेवा, कारण दर आठवड्याला २५ लिटर बदलावं लागेल.

आता आपल्याकडचा उन्हाळा. या माशाला २३ ते २८ अंश मानवतं. एप्रिल-मे मध्ये बाहेर ४४-४५ असताना टाकी सहज ३३-३४ वर जाते, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. काचेचं झाकण काढून मच्छरदाणीची जाळी लावा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. दोन ते चार अंश उतरतात. कूलरच्या खोलीत हवा आधीच दमट असल्यामुळे पंख्याचा फायदा कमी होतो, पण खोलीच थंड असते, म्हणून चालतं. वाफ होऊन कमी झालेलं पाणी भरताना फक्त आरओचं भरा. क्षार उडून जात नाहीत, बोअरचं भरत राहिलात तर टीडीएस चढत जातो. बर्फाच्या मोठ्या बाटल्या टाकू नका, तापमान एकदम घसरतं. गच्चीवरच्या टाकीतलं तापलेलं पाणी दुपारी घालू नका, पहाटे घाला. स्पंज फिल्टरचा एअर पंप अवघे ३-५ वॅट खातो, तो इन्व्हर्टरवर घ्या. थंडीत उलट, डिसेंबर-जानेवारीसाठी १०० वॅटचा हीटर २५ अंशांवर लावून ठेवा.

मासे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणा. दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. पोट खपाटीला गेलेला किंवा कोपऱ्यात रंग काळवंडून बसलेला घेऊ नका. जाळीने उचलू देऊ नका, पाण्यासकट मगमध्ये घ्या. पाण्याबाहेर घाबरून फुगला तर पोटात हवा जाते आणि ती नेहमीच बाहेर पडते असं नाही.

नदीतल्या माशांत जंत असतातच असं धरून चाला. भरपूर खाऊनही पोट आत जात असेल तर हेच कारण. वेगळ्या टबात, मुख्य टाकीत मुरवलेला स्पंज फिल्टर लावून, लेव्हामिसोल हे जंतांचं औषध लिटरला २ मिलिग्रॅम द्या. प्रकाशाने ते निकामी होतं, म्हणून टब झाकून ठेवा. २४ तासांनी बहुतेक पाणी बदला, तळ उपसून घ्या आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा द्या. तांबं असलेली औषधं पफरला सोसत नाहीत. बाटलीवर कॉपर सल्फेट लिहिलेलं दिसलं तर ती परत ठेवा.