जमवलेले गट का फुटतात?

प्रश्न : 2002 साली चॅनल व्हीवरील ‘पॉपस्टार्स’ या स्पर्धेतून निवडलेल्या पाच मुलींचा ‘व्हिवा’ हा गट आम्हा मैत्रिणींचा फार लाडका होता, पण थोड्याच वर्षांत तो दिसेनासा झाला. स्पर्धेतून जमवलेले गायक मुळातच कच्चे असतात का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तसे म्हणणे त्या मुलींवर अन्याय करणारे ठरेल. ‘व्हिवा’तील नेहा भसीन यांना पुढे ‘सुलतान’मधील गाण्यासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तर याच स्पर्धेच्या दुसऱ्या पर्वातून आलेल्या ‘आस्मा’तील नीती मोहन आज आघाडीच्या पार्श्वगायिका आहेत.

खोट आहे ती या कार्यक्रमाच्या घडणीत. 1999 मध्ये तो न्यूझीलंडमध्ये सुरू झाला, तेव्हापासून क्रम तोच आहे : ऑडिशनची रांग, नकार ऐकून कोसळलेले चेहरे, निवड झालेल्यांच्या घरचा आनंद, हे सारे प्रेक्षक आठवडेच्या आठवडे पाहतात आणि गट उभा राहतो तोवर त्यांचा जीव जडलेला असतो तो निवडीच्या कहाणीवर. ती ओल आटण्यापूर्वी अल्बम बाजारात आणायचा म्हणून गाणी घाईने उरकली जातात. ब्रिटनमधील ‘हिअरसे’च्या पहिल्या गाण्याच्या 2001 मध्ये पहिल्याच आठवड्यात पाच लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि 2002 संपण्याआधी गट मोडला. त्याच स्पर्धेत अखेरच्या टप्प्यावर नाकारल्या गेलेल्या पाच जणांचा ‘लिबर्टी एक्स’ मात्र त्याच वर्षी ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

जिथे गाण्यांवर मनापासून मेहनत झाली, तिथे गट टिकले. 2002 च्या स्पर्धेतून घडलेल्या ‘गर्ल्स अलाउड’साठी झेनोमेनिया या निर्मात्यांच्या चमूने वर्षानुवर्षे गाणी रचली, ‘बायॉलॉजी’ या गाण्यात तर धृपद येते तेच जवळजवळ दोन मिनिटांनी, आणि एवढे धाडस करूनही या गटाची सलग 20 गाणी ब्रिटनच्या पहिल्या दहांत आली. ती जरूर ऐका.

‘व्हिवा’पुढे आणखी एक अडचण होती. आपल्याकडे गाण्यातला पैसा आणि श्रोत्यांचे कान हे दोन्ही प्रामुख्याने चित्रपटाकडे असतात आणि चित्रपटाला नायिकेसाठी सहसा एकच आवाज लागतो. त्यामुळे अनुष्का मनचंदा यांच्यासह या गायिकांना पार्श्वगायनाची कामे मिळाली ती एकेकट्याने, गट म्हणून नव्हे.