डगमगणारे स्टूल

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या आजोबांवरचा तुझा हिब्रू लेख मी दोनदा वाचला. उत्तर मराठीत लिहीत आहे, कारण ज्या माणसाविषयी तू लिहिले आहेस तो मराठीत हसत असे. अडेल तेथे आईकडून वाचून घे.

सोबतच्या चिठ्ठीत तू विचारले आहेस की, आजोबांच्या साऱ्या आठवणी थट्टामस्करीच्याच निघतात, मग कोकणातले रेवदंडा सोडून इस्राएलला आल्याचे दुःख दाखवायचे कसे? आणि उत्तराची वाट न पाहता, ते हसत होते ते दुःख झाकण्यासाठीच, असे लिहून तू मोकळीही झालीस. स्टुलाच्या परिच्छेदात तर तू ‘मुळापासून उखडलेल्या आयुष्याचे डगमगणारे प्रतीक’ असे म्हटले आहेस. मुली, ते स्टूल डगमगत होते, कारण तुझ्या आजोबांनी ते मुद्दाम डगमगते केले होते.

त्याचा मागचा डावा पाय एक सूत आखूड होता. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. इथल्या दिमोना गावच्या कारखान्यात सारा हिशेब सेंटिमीटरचा असला, तरी त्यांचे मन शेवटपर्यंत सुतातच मोजत राहिले. दोन सूत कापले तर पाहुणा टेकतानाच सावध होतो आणि अर्धे सूत कापले तर त्याला काही कळतच नाही, असे ते मला रंध्याची पात घासता घासता समजावून सांगत. नेमके एक सूत, म्हणजे तीन मिलिमीटरहून किंचित जास्त, एवढे कमी केले की माणूस निवांत बसतो, बोलण्यात रंगतो, काही ठासून सांगण्यासाठी हात वर करतो आणि त्याच क्षणी कलतो. मग आजोबा खिशातून सागाची छोटी पाचर काढत, खाली बसून ती पायाखाली सरकवत आणि अतिशय गंभीर चेहऱ्याने म्हणत, ‘आजवर कुणाच्या कामात पाचर मारली नाही, तुमच्या बुडाखाली मारतो, माफी असावी.’ हे वाक्य हिब्रूत उतरत नाही म्हणून तू गाळलेस. गाळू नकोस. ते मराठीतच ठेव आणि पाचर मारणे म्हणजे काय, ते खाली दोन ओळींत सांग. एवढे बारीक माप साधायला जो हात लागतो, तोच हात लोकांची दारे आणि कपाटे करत होता. ती गंमत हे त्यांचे कसब होते. तिच्यामागे काय लपले आहे, हे शोधत बसू नकोस.

दुःख नव्हते, असे मी म्हणत नाही. आजोबा बावीस वर्षांचे असताना इथे आले, तेव्हा दिमोना वसून उणीपुरी सात वर्षे झाली होती. त्याच वर्षी, १९६२ मध्ये, निघालेल्या एका फर्मानाने आपल्या बेने इस्राएल लोकांच्या, म्हणजे कोकणातून आलेल्या यहुद्यांच्या, लग्नांआड पूर्वजांची चौकशी उभी केली. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून वाचलेल्या सात जोडप्यांचे आपण वंशज, अशी परंपरा सांगणारे, कोकणात तेलाचे घाणे चालवतानाही शनिवारी काम बंद ठेवल्यामुळे ‘शनवार तेली’ म्हणवले गेलेले आपण, इथे येऊन आपण यहुदी आहोत की नाही, याची उत्तरे देत होतो. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे धरले गेले, त्यात तुझे आजोबा होते आणि अठरा वर्षांचा मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. दिवसा ते इतरांइतकेच संतापून बोलत. रात्री फळांचे रिकामे खोके मांडीवर घेऊन त्याची ढोलकी करत. ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने, आपल्याला सर्वार्थाने यहुदी मानणारा ठराव केला, तोवर त्या खोक्याची एक फळी तडकली होती. संताप हा संताप होता आणि ढोलकी ही ढोलकी होती. एकाला दुसऱ्याचा बुरखा कशाला करतेस?

मी इतका का चिडतो, तेही सांगतो. माझे वडील गवंडी होते. ते गेल्यावर मी त्यांच्यावर एक लेख लिहिला. त्यात ऊन होते, घाम होता, सुटलेले गाव होते. ते प्रत्येक घराच्या गिलाव्यात एक नाणे दडवत आणि त्या घरच्या मुलांना भिंतीवर टकटक करून ते शोधायला लावत, हे मी लिहिले नाही. गावातल्या प्रत्येकाची शिंक ते हुबेहूब काढून दाखवत, तेही लिहिले नाही. लेखाचा आब जाईल, असे मला वाटले. आत्याने लेख शेवटपर्यंत ऐकला, चष्मा पुसला आणि म्हणाली, ‘माणूस चांगला दिसतो. माझ्या भावाबद्दल कधी लिहिणार?’

माझी बाजूही ऐकून घे. त्या काळी आपल्याविषयी कुणी लिहिले तर दयेने लिही, नाहीतर कुतूहलाने. आपल्या माणसाला कुणीतरी मोठे माणूस म्हणून वाचावे, एवढीच माझी इच्छा होती आणि ती इच्छा चुकीची होती, असे मला आजही वाटत नाही. पण आत्या गेली, आणि वडील कुणाची शिंक कशी काढत, हे आता मला आठवत नाही, कारण ते मी लिहून ठेवले नाही.

म्हणून पुन्हा सांगतो, हसू हे हसू म्हणूनच लिही. मलिद्याचा, म्हणजे आपल्या आभाराच्या नैवेद्याचा, परिच्छेद, ज्यात ते गोड पोह्यांत खोबरे कालवताना ताटातली फळे मुद्दाम चुकीची मोजतात आणि तुम्हा मुलांना पुन्हा मोजायला लावतात, तो उत्तम उतरला आहे. त्याच्या एका अक्षरालाही हात लावू नकोस. रेवदंडा सोडण्याची तू दिलेली दोन पानांची कारणे मात्र काढून टाक. थोरला भाऊ आधीच आला होता आणि त्यांना यायचे होते, एवढे पुरे. त्यांच्याबरोबर काम केलेले दोघे अजून दिमोनात आहेत. त्यांच्याकडे याच महिन्यात जा, आणि आजोबा कसे होते, हे विचारू नकोस. त्यांनी तुम्हांला कसे फसवले, हे विचार.

आणखी एक काम आहे. स्टूल तुझ्या मावशीकडे असेल, तर ते उलटे करून चारही पाय टेपने मोज. मला मागचा डावा आठवतो, तुझी आई फोनवर उजवा म्हणाली. मोजून कळव. कुणी ते सरळ करून घ्यायला सुताराकडे नेले नाही ना, हे आजच फोन करून विचार.

तुझे लोदचे काका